दहावी बाटली

शालिग्रामने रबरी नळी जनकाबाईच्या दंडाला आवळली, कोपराच्या खळीत दोन बोटं टेकवली आणि नेहमीप्रमाणे मान खिडकीकडे वळवली. शीर शोधताना तो हाताकडे कधी बघत नसे. बघितलं की फसगत होते, असं त्याचं म्हणणं. वरवर दिसते ती शीर सुई लागताच पळते, आणि खरी असते ती खाली, बोटालाच कळणारी. खिडकीबाहेर कांद्याचे वाफे होते. पाती पिवळ्या पडून आडव्या झाल्या होत्या, काढणीला आलेल्या कांद्याकडे घरातल्या कुणाचं लक्ष नव्हतं.

"सापडली," तो म्हणाला, आणि सुई आत गेली.

नळीच्या तोंडाशी रक्ताचा थेंब चमकला. वर खुंटीला टांगलेल्या काचेच्या बाटलीतून सलाईन ठिबकू लागलं. खाटेच्या उशाशी उभ्या असलेल्या अनंताने रोखून धरलेला श्वास सोडला. मग त्याने आईचा हात लाकडी फूटपट्टीवर ठेवून चिंधीने बांधला, म्हणजे हात हलून सुई निसटणार नाही. फूटपट्टी त्याच्या शाळेतली होती. मेहकरला जिल्हा परिषदेच्या शाळेत तो मास्तर होता, आणि गेले अठरा दिवस रजा टाकून उंद्रीच्या या मळ्यात येऊन बसला होता.

दिवसाआड एक, अशी ही नववी बाटली.

तीन महिन्यांमागे जनकाबाईच्या घशात भाकर अडकायला लागली. मग कण्या अडकल्या, मग दूध. आता तर पाण्याचा घोट गिळला तरी तो नाकातोंडातून परत यायचा. नागपूरला दाखवून झालं. तिथल्या डॉक्टरांनी अनंताला बाजूला घेऊन सांगितलं, गाठ फार पसरली आहे, घरी न्या आणि जपा. घरी न्या म्हणजे काय, हे मास्तर असूनही अनंताला समजलं नाही, किंवा समजून घ्यायचं नव्हतं. जपा एवढंच त्याने धरून ठेवलं.

पहिल्या बाटलीच्या वेळी जनकाबाईत थोडं त्राण होतं. रिकामी झालेली बाटली पुष्पाबाईने, तिच्या लेकीने, उकिरड्यावर टाकायला उचलली तर हिने खुणेनेच थांबवलं. धुऊन, उन्हात वाळवून तिच्यात मेथीचं बी भरायला लावलं. दुसरीत गाजराचं, तिसरीत कांद्याचं. असं बूच असलेलं काचेचं भांडं इकत मिळत नाही, म्हणाली. सहाव्या बाटलीपासून मात्र तिने विचारणं सोडलं होतं, आणि पुढच्या बाटल्या कोनाड्यात नुसत्याच उभ्या होत्या.

"माय, आता जरा बरं वाटन," अनंत तिच्या कानाशी म्हणाला आणि तोंड धुवायला विहिरीकडे गेला. पुष्पाबाई आत चुलीशी होती. खोलीत उरले शालिग्राम आणि पायथ्याशी बसून बायकोच्या तळपायांना तेल लावणारा उकंडराव. म्हाताऱ्याचा अंगठा टाचेच्या भेगांवरून सावकाश फिरत होता.

"भाऊ," जनकाबाई कुजबुजली. आवाज कसला, नुसती हवा.

"बोल, माय."

ती आधी नवऱ्याकडे वळली. "कांद्याचं पानी तोडलं काय?"

"हाव. पंधरा रोज झाले."

"माना पडल्या?"

"पडल्या."

एवढं बोलण्यानेही तिला धाप लागली होती. मग शालिग्रामकडे पाहत म्हणाली, "मान पडल्यावर पानी देल्लं का कांदा सडते, भाऊ. आमच्या मास्तरले हे सांगून समजत नाई."

शालिग्रामने नळीवरचा चिमटा उगाच सैल करून पुन्हा घट्ट केला.

"मले खाली घ्या म्हना याइले."

इकडच्या लोकांना हे सांगावं लागत नाही. खाटेवर जीव गेला तर तो खाटेच्या सुतळीत अडकतो, अशी समजूत आहे. शेवट जवळ आला की माणसाला सारवलेल्या भुईवर घेतात, तोंडात तुळशीचं पान आणि गंगेचं पाणी घालतात. आणि एकदा खाली घेतलेलं माणूस पुन्हा खाटेवर चढवत नाहीत. खाली घेणं म्हणजे घरच्यांनी त्याला जा म्हणणं. जनकाबाईची सासू अशीच गेली होती. हिनेच तिला खाली घेतलं होतं आणि म्हातारी घडीभरात सुटली होती.

"अनंता काय म्हनते?" शालिग्रामने विचारलं.

"बाटली लटकून हाये, खाली कसं घेऊ, म्हनते. बाटली सरली का दुसरी. थे सरली का तिसरी." तिने डोळे मिटले, उघडले. "परवाच्याले शीर नोको सापडू देजा."

"असं नाई बोलू, माय."

"तुह्या बोटाची तारीफ बाजारात म्याच केली ना? मंग त्यातली येक जुडी मले वापस दे."

उकंडरावाचा अंगठा थांबला होता. त्याने मान वर केली नाही. मग अंगठा पुन्हा फिरू लागला.

तारीफ तिने केली होती, हे खरंच. ज्या उन्हाळ्यात महाराष्ट्र झाला, त्याच उन्हाळ्यात अनंताच्या आठ महिन्यांच्या लेकराला हगवण लागली होती. पोर सुकून काडी झालेलं. डॉक्टर नीळकंठरावांनी हाताला, पायाला चार ठिकाणी टोचून सुई खाली ठेवली. शालिग्राम तेव्हा त्यांच्या दवाखान्यातला साधा कंपाउंडर, पुड्या बांधणारा. त्याने विचारलं, मी बघू का? लेकराच्या कानशिलावर बोट ठेवलं, खिडकीकडे पाहिलं, आणि शीर सापडली. पोर जगलं. जनकाबाई दर आठवडी बाजारात भाजीची पाटी घेऊन बसायची. वांगी तोलता तोलता तिने ही गोष्ट इतक्या गिऱ्हाइकांना सांगितली की वर्षभरात पंचक्रोशीत शालिग्रामचं नाव झालं. शालिग्रामभाऊच्या बोटाले डोळे हायेत, असं ती म्हणायची. नंतर लोक डॉक्टर नीळकंठरावांकडे यायचे आणि सुई मात्र शालिग्रामनेच द्यावी म्हणून हटून बसायचे. तो वरून लाजायचा, पण आतून त्याला ते फार आवडायचं. गरिबाघरच्या, सातवीत शाळा सुटलेल्या माणसाकडे दुसरं होतं काय?

संध्याकाळी दवाखान्यात स्टोव्हवर सुया उकळत असताना त्याने डॉक्टरांपाशी विषय काढला.

"साहेब, जनकाबाईले बाटली लावून काय होते?"

डॉक्टर नीळकंठराव वॉशबेसिनशी हात धूत होते. चिखलीच्या कारकुनाच्या घरातला शांत, मोजकं बोलणारा माणूस. "काय व्हायचंय? पाणी मिळतं शरीराला. तीन आठवडे काढेल अजून. कदाचित महिना."

"अन् नाई लावली तं?"

"तीन-चार दिवस."

"दुखनं तं तेच राहीन ना? बाटलीनं दुखनं कमी होत नाई."

"नाही होत. त्यासाठी ती कमरेत द्यायची सुई देतोच आहोत आपण."

"बाटली नोको म्हनते थे. मले हात जोडून म्हनते."

डॉक्टर बराच वेळ हात पुसत राहिले. "शालिग्राम, मुलगा लावा म्हणतो. मी थांबवा असं कसं म्हणू? उद्या गाव म्हणेल, डॉक्टरने बाई तहानेली मारली."

"अन् लावत राह्यलो तं?"

"लावत राहिलो तर कोणी काही म्हणत नाही."

सुया उकळून पाण्यावर फेस आला होता. डॉक्टरांनी टॉवेल खुंटीला अडकवला आणि दाराकडे जाता जाता म्हणाले, "शीर मिळते तोवर लावायची. शीर मिळेनाशी झाली की आपल्या हातात काही राहत नाही. त्याला कुणाचाच इलाज नसतो." ते सहज बोलले की मुद्दाम, हे शालिग्रामला त्यांच्या पाठीवरून काही कळलं नाही.

दुसरा पूर्ण दिवस त्याने सुया पाजळण्यात घालवला. बोथट झालेली सुई बारीक दगडावर तेल टाकून घासायची, मग कापसावरून ओढून बघायची. धागा अडकला तर पुन्हा घासायची. हात काम करत होते आणि डोक्यात एकच घोळत होतं. अठरा वर्षांत 'नाही सापडली' हे शब्द त्याच्या तोंडून निघाले नव्हते. आता काढायचे, तेही खोटे. आणि त्या खोट्याने एक जीव तीन आठवड्यांऐवजी तीन दिवसांत जाणार. याला काय म्हणतात, हे त्याला ठाऊक होतं. लोक म्हणतील तो शब्द त्याने मनात उच्चारूनही पाहिला. पण ते तीन आठवडे कसले, हेही त्याने अठरा दिवस डोळ्यांनी बघितलं होतं. जनकाबाई रात्रंदिवस उशी चावते, हे पुष्पाबाईने त्याला दाखवलं होतं. उशीच्या कोपऱ्याचा कापूस बाहेर आला होता. त्याला तिची दया येत होती आणि स्वतःची भीती वाटत होती.

परवाचा दिवस उजाडला. सकाळी दहाच्या सुमारास तो सायकलवरून मळ्यात पोचला तेव्हा अनंत बाटली घेऊन तयारच होता. गरम पाण्यात धरून त्याने ती कोमट करून ठेवली होती, आईला थंड लागू नये म्हणून. हा मुलगा वाईट नव्हता. आई तहानेने मरू नये, एवढंच त्याला हवं होतं, आणि कुठल्या मुलाला ते नको असतं?

"मामा, आज उजव्या हाताला बघा," अनंत म्हणाला. आई याला भाऊ म्हणते म्हणून तो मामा. "डावा पार काळानिळा झालाय."

शालिग्रामने नळी आवळली. बोटं खळीत टेकवली. जनकाबाई त्याच्याकडे टक लावून बघत होती. त्याने मान खिडकीकडे वळवली आणि मनाशी ठरवलं, शीर चुकवून शेजारून जायचं. सुई टोचली.

नळीच्या तोंडाशी लाल थेंब चमकला.

हाताने ऐकलंच नव्हतं. अठरा वर्षांची सवय. बोटाला शीर लागली आणि हात आपोआप तिकडे गेला. शालिग्रामने झटकन सुई उपसली आणि बोळा दाबून धरला.

"फुटली," तो म्हणाला.

"फुटली म्हणजे?"

"शीर नाजूक झाली. दुसरी पाह्यतो."

दुसऱ्या वेळी त्याने हाताकडे बघून टोचलं. असं बघून सुई मारण्याची त्याला सवय नव्हती, म्हणून ती चुकली. नुसत्या मांसात गेली. जनकाबाईने ओठ आवळले, पण आवाज काढला नाही. तिसऱ्यांदा मनगटाजवळ, चौथ्यांदा पायाच्या घोट्याशी. चुकवायचं म्हणून टोचलेली प्रत्येक सुई तिला दुखवत होती, आणि दुखवल्याशिवाय हे खरं वाटणार नव्हतं. असल्या कामाची सजा लगोलगच मिळते, असं त्याला वाटलं. एवढं वाईट त्याला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"नाई सापडत," तो म्हणाला.

"असं कसं?" अनंताचा आवाज चढला. "परवा तर एका झटक्यात सापडली होती!"

"परवा होती. आज नाई."

"तुम्ही? तुम्हाला सापडत नाही? आठ महिन्यांच्या लेकराची सापडते आणि हिची नाही?"

शालिग्राम सुई पुसत राहिला. सुई केव्हाच स्वच्छ झाली होती.

"तुमच्याच्यानं होत नसेल तर तसं सांगा. मी चिखलीहून माणूस आणतो. बाराची मोटार आहे." अनंताने खुंटीवरचा सदरा ओढला आणि बाही चुकली तरी तसाच अंगात घातला. दारात थांबून मागे वळला. "हिला कोणी काही करू नका. मी येतोच."

तो गेला. दाराशी शेजारच्या मळ्यातल्या दोन बाया उभ्या होत्या. त्यांनी त्याला वाट दिली आणि एकमेकींकडे पाहिलं.

"शालिग्रामले शीर नाई सापडली, बाई."

"मंग आता कोनाले सापडन?"

हे बाजारात पोचायला आठवडी बाजार लागणार नव्हता. शालिग्रामने ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं. त्याने दुखण्यावरची सुई भरली आणि जनकाबाईच्या कमरेत दिली. त्या सुईला शीर लागत नाही. थोड्या वेळाने तिच्या कपाळावरच्या आठ्या जराशा सैल झाल्या.

उकंडराव उठून बाहेर गेला होता. परत आला तेव्हा त्याच्या हातात शेणाचं टोपलं होतं. खोलीच्या मधोमध तो बसला आणि भुई सारवायला लागला. पुष्पाबाई धावत आली. "बाबा, सोडा, म्या सारवतो." त्याने मानेनेच नाही म्हटलं. बायकांचं काम, त्याला कुठे जमतंय? हात उलटसुलट फिरत होता, कुठे जाड, कुठे पातळ. पण खाटेएवढी जागा त्याने सारवली आणि भिंतीला टेकून ती वाळण्याची वाट बघत बसला. पुष्पाबाईने पदर तोंडाला लावला आणि आत निघून गेली. जराशाने तुळशीचं पान घेऊन आली.

"शालिग्राम, पायाकून धर."

"अनंताले येऊ द्या, उकंडराव."

"अनंता येईन तं बाटली घिऊन येईन."

शालिग्राम जागचा हलला नाही. ही शेवटची गाठ तरी घरच्यांनीच सोडावी, असं त्याला वाटत होतं. आपण फार पुढे आलो, असंही वाटत होतं.

उकंडराव खाली बघत म्हणाला, "साठ वर्सं वाफ्याले पानी देऊन राह्यलो. कोन्त्या दाऱ्यात पानी आलं अन् कोन्त्यात नाई, हे मले समजते." मग थोड्या वेळाने, "पयल्या टायमाले रगत आल्तं. म्या पाह्यलं."

शालिग्रामने पेटीचं झाकण लावलं.

"मले हे जमलं नसतं," म्हातारा म्हणाला. "पन्नास वर्सांचा संसार. तिनं मलेबी म्हनलं होतं, खाली घ्या. म्या नुसतं तेल लावत बसलो." त्याचे डोळे भरून आले आणि त्याने ते पुसले नाहीत. "आता धर पाय."

दोघांनी तिला उचललं. वजन असं उरलंच नव्हतं. भाजीची पाटीही याहून जड भरायची. सारवलेल्या जागेवर घोंगडी अंथरली होती, तिच्यावर ठेवलं. जनकाबाईचा डावा हात घोंगडीच्या बाहेर आला. तिने तळवा भुईवर पसरला, बोटं ताणून टेकवली.

"थंड हाये," ती म्हणाली. कित्येक दिवसांत तिच्या तोंडून निघालेला हा पहिला सुखाचा शब्द होता, आणि पुष्पाबाई तो ऐकून ढसाढसा रडली.

दुपार तशीच गेली. बायाबापड्या येऊन बसत होत्या, उठून जात होत्या. शालिग्रामला घरी जाता आलं असतं, पण त्याचा पाय निघेना. अनंताला तोंड दाखवल्याशिवाय जाणं बरं नव्हे, एवढं त्याला कळत होतं. तो कोपऱ्यात आपली पेटी मांडीशी घेऊन बसून राहिला. अनंताने कोमट केलेली बाटली खाटेखाली तशीच होती, काठोकाठ भरलेली.

दिवेलागणीला मोटारीचा आवाज आला. जरा वेळाने अनंत आत आला. त्याच्या मागे चिखलीच्या कुठल्याशा दवाखान्यातले माणिकराव, हातात चामडी पेटी. अनंत उंबऱ्यातच थबकला. आधी त्याने रिकामी खाट पाहिली, मग खालची भुई.

"कोणी घेतलं खाली?"

"म्या," उकंडराव म्हणाला.

"मी सांगून गेलो होतो."

"हाव."

अनंताने कोपऱ्यात बसलेल्या शालिग्रामकडे पाहिलं. "तुम्ही होता इथे?"

"होतो. पाय म्या धरले."

माणिकराव परगावचा माणूस. त्यांना या घराचं काही देणंघेणं नव्हतं. चपला काढून ते आत आले, पेटी उघडली आणि कामाच्या माणसासारखे म्हणाले, "खाटेवर घ्या पाहू. उजेड इकडे आणा."

"खाटेवर नाही घेत आता," पुष्पाबाई कशीबशी म्हणाली.

अनंताने ओठ चावले. आईला असं भुईवर टाकून आपण बघत बसायचं, हे त्याला सोसत नव्हतं. "खाली लावता येईल?" त्याने विचारलं.

"का नाही? बाटली उंच धरून कोणीतरी उभं राहिलं की झालं."

"मी धरतो. रात्रभर धरतो."

तो आईजवळ खाली बसला. डावा हात काळानिळा होता, म्हणून त्याने तिचा उजवा हात हलकेच पदरातून बाहेर काढला, मांडीवर घेतला आणि कोपराच्या वर मुठीत धरला. घट्ट धरला, आई निसटून जाईल अशी भीती वाटणाऱ्याने धरावं तसा. माणिकराव सुईला नळी जोडत होते. पुष्पाबाईने कंदील जवळ आणला.

कंदिलाच्या उजेडात अनंताने हाताकडे पाहिलं. सकाळच्या सुयांचे तीन ठिपके होते. आणि त्याने आवळून धरलेल्या मुठीच्या खाली, कोपराच्या खळीत, एक शीर हळूहळू वर येत होती. निळी, सरळ, चांगली फुगलेली. लहान पोरानेही बोट ठेवून दाखवली असती अशी.

नऊ वेळा तो उशाशी उभा राहिला होता. दंड आवळला की खाली काय होतं, आणि मामाचं बोट कुठे थांबतं, हे त्याला पाठ झालं होतं. त्याने मान वर करून शालिग्रामकडे पाहिलं. शालिग्रामने नजर चुकवली नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते लपवण्याचा त्याने काही प्रयत्न केला नाही.

जनकाबाईने डोळे उघडले. "मास्तर आला काय?"

"आलो, माय."

"जेवला?"

अनंताने मान हलवली; हो की नाही, कोणालाच कळलं नाही. तिचा डावा तळवा अजून भुईवर पसरलेला होता. तिने तो किंचित सरकवला आणि शेजारची जागा थोपटली, लहानपणी त्याला जवळ झोपायला बोलवायची तशी. तेवढ्याने ती दमली. तिचे डोळे मिटले, पण चेहरा सैल होता, उशी चावणारा नव्हता. त्याने तो चेहरा बराच वेळ पाहिला. वीस दिवस तो आईच्या उशाशी उभा होता, आणि सगळा वेळ बाटलीकडेच बघत होता, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं.

"दाखवा बरं हात," माणिकराव सरकून पुढे आले. "सकाळी कोणाला सापडली नाही म्हणालात ना? बघू, आपल्याला सापडते का."

अनंताची मूठ सुटली. शीर खाली बसत चालली होती; पुरती बसण्याआधीच त्याने आईचा पदर ओढून हात बोटांपर्यंत झाकला.

"ऱ्हाऊ द्या जी," तो म्हणाला. शाळेतली भाषा त्याच्या तोंडातून गळून पडली होती. "आमच्या मामाले नाई सापडली तं कोनालेच नाई सापडत."

माणिकरावांनी भुवया उंचावल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि सुई पुन्हा डबीत ठेवली. दाराशी बसलेल्या बायांपैकी एक हळूच दुसरीला म्हणाली, खरंच हाये, बाई, शालिग्रामलेच नाई सापडली.

"बाबा, गंगेची लोटी कुठं हाये?"

उकंडराव उठला. कोनाड्यात बियांच्या बाटल्यांमागे तांब्याची लहानशी लोटी होती. त्याने ती आणून लेकाच्या हातात दिली. अनंताने तुळशीचं पान पाण्यात बुडवलं आणि आईच्या ओठांवरून फिरवलं. पाणी आत गेलं नाही. हनुवटीवरून ओघळून सारवलेल्या भुईवर उतरलं. त्याने पुन्हा पान बुडवलं.